सोडलं की चालू

पुतणीच्या त्या एका पत्राला काकांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्रात प्रश्न एकच होता : ‘स्विच तुम्ही करताय, तर पहिल्या उड्डाणाला शेजारच्या खुर्चीत तुम्हीच बसाल ना?’ काकांनी स्विचचा आराखडा पाठवला, तारांचे रंग कळवले, कुठल्या स्क्रूखाली कुठला वॉशर तेही कळवलं. प्रश्नाला मात्र दर वेळी बगल दिली. उत्तराचं पाकीट त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. वर पत्ता, तिकीट, सगळं होतं. आतला कागद कोरा.

जन्मभर त्यांनी मिक्सरचे स्विच आखले होते. मिक्सरचा स्विच बिघडला तर फार तर स्वयंपाक लांबतो.

आता ते पत्र्याच्या शेडमध्ये, जमिनीवर मारलेल्या पांढऱ्या रेषेमागे उभे होते. समोर विमान. दवाखाना बंद करून आल्यावर, रोज थोडं थोडं करत पुतणीने ते बांधलं होतं. ती दातांची डॉक्टर. घरात तिला अजून चिमणीच म्हणत.

“काका, रेषा ओलांडायची नाही हं!” ती आत बसून ओरडली.

“ओलांडतोय कशाला? मला इथेच धडकी भरलीये.”

“डावा चालू. उजवा बंद. आता बटण!”

इंजिनात पेट्रोल पेटवणाऱ्या दोन ठिणग्या होत्या, प्रत्येकीला आपला स्विच. उजवी जरा उतावीळ, वेळेआधीच पडणारी. सुरू करताना ती पडली तर प्रोपेलर उलटा झटका देतो. म्हणून काकांनी अशी जोडणी केली होती की उजवा स्विच बंद असल्याशिवाय स्टार्टरच्या बटणाला वीजच मिळू नये. आयुष्यात एवढीच एक गोष्ट त्यांना स्वतःला बरी जमल्यासारखी वाटली होती.

प्रोपेलर अर्धा वळसा फिरला, खाडकन मागे उसळला आणि मग पुढे झेपावला. इंजिन धडधडू लागलं. शेडचे पत्रे थरथरले. चिमणीने आनंदाने मूठ उंचावली.

काकांचा चेहरा मात्र उतरला. तो झटका यायलाच नको होता.

“बंद कर! दोन्ही बंद कर!” त्यांनी हातवारे केले.

तिने दोन्ही स्विच खाली केले. इंजिन चालूच. तिने बॅटरीची जोडणी तोडली. समोरचे दिवे विझले, काटे खाली पडले. इंजिन चालूच. शेवटी शाळेतल्या मुलीसारखे तिने दोन्ही हात वर केले.

“काका, मी कशालाच हात लावलेला नाहीये!”

काका बघतच राहिले. बॅटरी नाही, कुणाचा हात नाही, आणि ते यंत्र आपल्याच फिरण्यातून आपली ठिणगी काढत होतं. हे त्यांनी पुस्तकात कितीदा तरी वाचलं होतं. वाचताना खरं वाटलं होतं. आत्ता मात्र विश्वास बसेना. आणि तरीही त्यांना ते थांबू नये असं वाटत होतं.

मग ते भानावर आले. “पेट्रोलची तोटी!”

तिने तोटी फिरवली. इंजिनाने उरलंसुरलं पिऊन घेतलं आणि सावकाश थांबलं. ती उडी मारून खाली उतरली, आणि तिरकं राहिलेलं प्रोपेलरचं पातं सरळ करायला तिने हात पुढे केला.

“चिमणे, हात मागे!”

काकांनी इतका आवाज कधी चढवला नव्हता. ती जागच्या जागी थबकली. काका रेषेच्या आत येऊन उभे होते.

“ते अजून बंद नाहीये,” ते हळू आवाजात म्हणाले. “घरातल्या दिव्याची तार जोडली की तो लागतो. इथे उलटं. ठिणगीची तार सांगाड्याला जोडून ठेवायची, तेव्हा ती गप्प बसते. सोडलं की चालू. कुठेतरी सुटलंय.”

चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी स्विचखाली डोकं घातलं. दोन्ही तारा सांगाड्याला जोडणाऱ्या एकाच पट्टीवर कसलेल्या होत्या. पट्टी निळीशार, चकचकीत.

“हा रंग कधी दिलास?”

“परवा. छान दिसतोय ना?”

“फार छान. पण वीज काही रंगातून जात नाही.”

चिमणीने जीभ चावली. मग पिशवीतून दात कोरायचं अवजार काढलं आणि पट्टीला म्हणाली, “आ करा बघू.” स्क्रूखालचा रंग तिने खरवडला, खालचा धातू लखलखेपर्यंत.

“चूक माझीच,” काका पुटपुटले. “तिथे रंग नको, असं लिहायला हवं होतं मी.”

“काका, पुरे! तुम्हाला शंका आली म्हणून माझा हात शाबूत आहे.”

काकांनी मीटर लावून पाहिला. पुन्हा पाहिला. मग ते रेषेमागे गेले.

चिमणीने आत बसून पुन्हा बटण दाबलं. या वेळी झटका आला नाही. प्रोपेलर नुसता विरघळल्यासारखा दिसेनासा झाला. तिने स्विच खाली केले, आणि सगळं एकदम शांत. तापलेला धातू तेवढा टिकटिकत होता.

“मग? माझ्या पत्राचं काय?”

“कळवतो.”

“अहो, समोर उभे आहात! तोंडाने सांगा की!”

“लिहून कळवतो,” काका म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीवर खिशातला तो कोरा कागद ठेवून त्यांनी लिहिलं, ‘हो.’ थोडा विचार करून खाली जोडलं, ‘पण पट्टी पुन्हा एकदा बघ.’ पाकीट चिकटवलं आणि फटीत अर्धं सरकवलं.

मागे शेडमध्ये इंजिन पुन्हा सुरू झालं.

पाकिटाचं टोक अजून त्यांच्या चिमटीत होतं. काकांनी बोटं सोडली.