झबल्यातली काच

“काँक्रीटला तडे जाऊ नयेत म्हणून आम्ही त्यात काचेचे तंतू मिसळतो. माझे कामाचे कपडे बाळाच्या कपड्यांत धुऊ नकोस,” नवऱ्यानं बजावलेलं. “काच काय कपड्यांना चिकटते?” मी पदवीधर ना, हसले आणि सगळं एकत्रच मशीनमध्ये कोंबत राहिले. बाळाच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा माझी नजर गेली ती त्याला सांभाळणाऱ्या मावशींच्या हातांकडे. “हात तरी धुता का हो?” मावशींनी बाळाला माझ्या कडेवर दिलं, चपला हातात घेऊनच जिना उतरल्या. दुपारी खिडकीशी झबलं झटकलं, तर उन्हात बारीक काच चमकली. धावत मावशींच्या घरी गेले, पण त्यांनी दार उघडलं नाही. चार दिवस बंदच आहे. त्या एकट्याच राहतात, शिंप्याच्या दुकानाच्या वर. तुम्ही तिकडून गेलात, तर हाक मारून बघाल? मी पाठवलंय म्हणू नका.