हिरवे ठिपके

पडद्यावर चार हिरवे ठिपके होते. खाली तीन टीमचे, सगळ्यात वर मोठ्या साहेबांचा. हिरवं म्हणजे काम वेळेत होणार, लाल म्हणजे अडलंय. खालच्यांतला एक लारासच्या टीमचा. तिचा ठिपका खोटा होता.

सोमवारी घरपोच भाजीचं ॲप अख्ख्या जकार्तासाठी उघडायचं होतं. त्यासाठी टेबलावर पिवळ्या भाताचा तुंपेंग येऊन बसलेला, डोंगरासारखा, भोवती तळलेली कोंबडी. त्याचा शेंडा कापून साहेब ज्याला देतील, तो आजचा मानकरी. लारासला मान नको होता. तिला नोकरी हवी होती, आणि ती आजच पक्की व्हायची होती.

ॲपमधला पैसे भरायचा भाग तिच्या टीमकडे. त्यातली एक ओळसुद्धा लिहून झाली नव्हती. लॉगिनवाल्यांकडून गिऱ्हाइकांची खाती आल्याशिवाय हात कुठे घालणार? पण लाल लावलं तर त्यांची चहाडी केल्यासारखं. शिवाय त्यांचा ठिपका हिरवागार. देतील आज-उद्या, असं म्हणत तिनं अख्खा पंधरवडा काढला.

"काही अडचण?" साहेबांनी, म्हणजे सगळे आदरानं 'पाक' म्हणत त्या दिब्योंनी, सुरी उचलली.

"छे हो पाक," लॉगिनचा बोनार म्हणाला. "भात गार होतोय, तेवढीच."

सगळे हसले. लारास पडद्याकडे बघत होती. सोमवारी सगळं शहर कोबी निवडणार आणि पैसे भरायला जागाच नसणार. तिनं माऊस ओढला. तिचा ठिपका लाल झाला.

हसू थांबलं.

"आम्ही सुरुवातच केली नाही, पाक," ती म्हणाली. "बोनारच्या खात्यांची वाट बघतोय."

"मी कुठनं देऊ?" बोनार उसळला. "डिलिव्हरीवाले पत्ते कसे घ्यायचे ते ठरवतील, मग मी खाती करणार. म्बाक सेकार, तुमचं झालंय ना? हिरवं दिसतंय की."

डिलिव्हरीची सेकार, तिघांत थोरली म्हणून 'म्बाक', म्हणजे ताई, भाताकडेच बघत राहिली.

"मी पैसे भरल्याच्या पावतीसाठी थांबले होते," ती हळूच म्हणाली. "लारासचं हिरवं होतं ना."

बोनारनं माऊस घेतला, स्वतःचा ठिपका लाल केला. मग सेकारचा.

पाक दिब्योंनी सावकाश शेंडा कापला. अख्ख्या ऑफिसात पूर्ण शिजलेलं तेवढंच होतं. ताटलीत ठेवून त्यांनी ती लारासपुढे सरकवली. तिला वाटलं, हे निरोपाचं ताट.

"खा," ते म्हणाले. "आणि वरचा माझा ठिपका आहे ना, मालकांना दिसतो तो? तुमचं बघून हिरवा केला होता. तोपण तूच लाल कर. माझा हात धजत नाही."