दोन भोकांची हॅट

इंग्रजांच्या काळातल्या लष्करी सोला हॅट्स जमवणाऱ्यांसाठी मी संदर्भग्रंथ लिहिला. प्रकाशक म्हणाले, “एक हॅट खोटी टाक. मजकूर ढापणारा चोर तिच्यावरून सापडेल.” मी कानांच्या जागी दोन भोकं असलेल्या हॅटचं चित्र रंगवलं आणि खाली लिहिलं, ‘सेनापतीची कुजबुज ऐकण्यासाठी. अत्यंत दुर्मिळ.’ मला हा नाद लावणारे पोस्टमास्तरकाका काल प्रकाशकांच्या ऑफिसात मला भेटायला आले. पिशवीतून त्यांनी तीच हॅट काढली, भोकांसकट. “माझ्या सगळ्या हॅट्स देऊन घेतली. खोटी निघाली तर आजच परत करता येईल. तुझी काकू मला वेड्यात काढतेय. खरी ना?” प्रकाशक न वाजलेल्या फोनवर बोलू लागले. मी भिंगातून पाच मिनिटं पाहिलं. “पुस्तकातल्यासारखीच आहे,” मी म्हणालो. त्यात खोटं काहीच नव्हतं. “तू म्हणालास, विषय संपला.” काकांनी पाठ थोपटली. मी मान खाली घालून त्यांच्या चपला मोजल्या. दोनच होत्या.