यात काय नाही

डबीवालीने झाकण फिरवलं आणि गुलाबाचा वास खोलीभर झाला. बायका खुर्च्या पुढे सरकवून बसल्या. तपासनीसबाईंनी आपली मागे ओढली.

रुग्णालयाच्या तळघरातली ही खोली महिन्यातून एकदा या बायकांची असायची. कुणाचा स्तन गेलेला, कुणाचं गर्भाशय. केस बहुतेकींचे गेले होते, काहींचे आता बोटभर परत आले होते. तपासनीसबाईंचे आले ते पांढरे आणि कुरळे. त्यांची सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली होती आणि फुकट्या प्रवासी त्यांना पायरीवर पाय ठेवतानाच ओळखू यायचा. आजारातून उठल्यावर त्यांनी मोर्चा न्हाणीघराच्या फळीकडे वळवला. पावडर, लाली, केसांचा रंग, सगळं एका दुपारी केरात. गुलाबाच्या अत्तराची कुपी तेवढी जरा वेळ हातात घोळली, मग तीही गेली.

"आईंनी आता साबणालाही दंड केलाय," असं धाकटी सून शेजारणीला सांगत होती.

"करणारच," बाई आतून ओरडल्या होत्या. "कशानं झालं ते डॉक्टरला सांगता येत नाही. मग सगळेच संशयित."

डबीवाली डोक्यावरचा रेशमी रुमाल सारखा करत म्हणाली, "मी पण तुमच्यातलीच, ताई. उठले आणि ठरवलं, आता अंगाला विष लावायचं नाही. हे क्रीम मी घरी, माझ्या हातांनी करते. वाचा ना, वर लिहिलंय सगळं."

डबी चिमणीने घेतली. ती त्यांच्यातली सगळ्यात लहान. किरणं संपून तिला आठवडाही झाला नव्हता. गळ्याची एक बाजू तव्यावर करपावी तशी काळी पडली होती, मधूनच सोललेली. सोमवारपासून तिला बँकेच्या खिडकीत बसायचं होतं आणि कुठल्याही कॉलरखाली ते मावत नव्हतं.

"पॅराबेन नाही," तिने मोठ्याने वाचलं. "सल्फेट नाही. खनिज तेल नाही. कृत्रिम रंग नाही." प्रत्येक 'नाही'सरशी तिचा आवाज हलका होत गेला.

"हे काय नाही ते झालं," बाई म्हणाल्या. "काय आहे ते कुठंय?"

"सगळं नैसर्गिक आहे, मावशी."

"धोतऱ्याचं बी पण नैसर्गिकच असतं."

बायका हसल्या. एकीने बाईंच्या गुडघ्यावर चापट मारली. "तुम्ही निवृत्त झालात हो. चढू द्या की तिला बसमध्ये."

"चढू दे. तिकीट दाखव म्हणतेय फक्त. हा वास कसला?"

"गुलाबाचा."

"गुलाब माझ्या कुंडीत पण आहे. दोन दिवसांत त्याचा वास उतरतो. तुझी डबी कधी भरलेली?"

डबीवाली नुसती हसली. तिने बोटावर क्रीम घेतलं आणि चिमणीकडे वळली. "तू इकडे बघ गं. इथं लावते, कसं गार वाटेल बघ." बोट गळ्याशी पोचलं तेवढ्यात तपासनीसबाईंनी तिचा हात वरच्यावर धरला, उतरून पळणाऱ्याचा धरावा तसा.

"तुला लाल दिलं होतं की पांढरं?"

सगळ्याजणी डबीवालीकडे वळल्या.

"दोन्ही," डबीवाली म्हणाली. "लाल गोळी सकाळी, पांढरी रात्री."

केमोच्या लाल औषधाची गोळी नसते. ते शिरेतून जातं. नर्स शेजारी बसून हळूहळू सोडते, आणि त्या दिवशी न्हाणीघरात गेलेली बाई लघवी लाल बघून, रक्त समजून किंचाळते. ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांनीही शेजारच्या खाटेवर ते पाहिलं होतं. गोळी म्हणून गिळणारी त्यांना आज पहिल्यांदाच भेटत होती.

"रुमाल काढ," बाई म्हणाल्या.

डबीवालीने एकदा सगळ्यांकडे बघितलं, हात सोडवून घेतला आणि रुमाल काढला. काळीभोर, जाडजूड वेणी सुटून थेट कमरेपर्यंत आली.

"नाहीतर तुम्ही दारात तरी उभं केलं असतं का मला?" ती म्हणाली. आवाजात लाज नव्हती. ती डबीवर डबी रचून पिशवीत भरायला लागली. कुणी तिला शिवी दिली नाही. कुणी उठलंही नाही.

"एक ठेवून जा," चिमणी म्हणाली.

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, खोटारडी आहे ती. तिला काही म्हणजे काही झालेलं नाही."

चिमणीची नजर त्या वेणीवरून हलत नव्हती. "तेच तर, मावशी. मला तसंच दिसायचंय. काही न झाल्यासारखं."

"निदान गळ्याला लावू नकोस," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय तरी नको."

चिमणीने मान हलवली, 'पास घरी राहिला' म्हणणारे प्रवासी हलवतात तशी, आणि डबी पर्समध्ये टाकली.

हळूहळू सगळ्या चहाकडे पांगल्या. तपासनीसबाई एकट्याच खुर्चीत राहिल्या. डबीवालीच्या बोटावरचं क्रीम धरपकडीत त्यांच्या बोटांना लागलं होतं. हातरुमालाने त्यांनी ते एकदा पुसलं, दोनदा पुसलं. मग कुणी बघत नाही ना ते बघितलं आणि बोटं नाकाशी नेली.