चौकटीवरच्या रेघा

“चहा आहे की कपबश्या विसळलेलं पाणी,” ती कपात बघत पुटपुटली.

“पावडर घालून परत उकळून आणू का, बाई?” मालकीणबाई नेमक्या खांद्याशीच उभ्या होत्या.

ती ओशाळली. पन्नाशीची बाई, पहाटेपासून सगळ्यांची उस्तवार करतेय, तिला कशाला बोल लावायचा? “राहू दे ताई. गरम आहे ना, झालं.”

जागा तशी झकास होती. जुन्या शहराच्या तटाला टेकलेलं दगडी घर, वर पाहुण्यांच्या तीन खोल्या, खाली न्याहारीची. खिडकीतून घड्याळाचा मनोरा दिसायचा. दिव्याचं बटण कपाटामागे होतं, पण तिचा हात बरोबर तिथेच जायचा. जिन्याची तिसरी पायरी करकरायची, म्हणून तेवढी ओलांडूनच ती खाली यायची. तक्रार एकच, साबणाची. काल उघडलेली वडी आज नखाएवढी उरली होती. हलका माल, दुसरं काय.

बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. आज काहीही करून निघायलाच हवं होतं. घरी लेक होती, दुसरीतली, शेजारणीच्या भरवशावर सोडलेली. आई दिसली नाही की ती जेवायची नाही. पण गाडीचं विचारलं की मालकीणबाई म्हणायच्या, आधी न्याहारी तर करा, मग बघू.

शिवाय एक कोडं तिला स्वस्थ बसू देत नव्हतं. इतकी नीटनेटकी, प्रेमळ बाई अशा धडधडीत थापा का मारत असेल?

शेजारच्या टेबलावर कॅमेरावालं जोडपं होतं. मालकीणबाईंनी त्यांना टेबलावरचा जळका डाग दाखवला होता. म्हणे, इथे सेनापतीची मशाल पडली. तिला हसू आवरेना. जन्म शिवणकामात गेला, इस्त्रीचं टोक तिला ओळखू येणार नाही? मग निळ्या काचांमधली ती एकच हिरवी काच. म्हणे, तोफगोळा लागला. तोफगोळ्यानं मोजून एकच काच फुटते होय? ते काम चेंडूचं.

आणि गंमत म्हणजे, थाप जोडप्याला मारायची आणि बघायचं मात्र हिच्याकडे. परीक्षेत तोंडी प्रश्न विचारून मास्तरीणबाई थांबतात, तशा त्या थांबायच्या.

मालकीणबाईंचे यजमान अंडी परतत होते. “आज नको,” ते हळूच म्हणाले. “किती दिवस हे असं?”

“एवढं एकच,” मालकीणबाई म्हणाल्या.

तिनं कान टवकारले.

किटली हातात घेऊनच मालकीणबाई स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकीवर एक. इथे पूर्वी तलवारी घडवणारा राहायचा, त्यांनी सांगितलं. प्रत्येक तलवार तो या चौकटीला लावून मापायचा. जोडप्यानं लगेच फोटो काढला.

“तलवारी दरवर्षी दोन बोटं वाढायच्या वाटतं?” ती म्हणाली.

यजमानांनी गॅस बंद केला.

ती उठली. आता मात्र तिला खरंच राग आला होता. ती चौकटीपाशी गेली आणि तिचं बोट थेट सगळ्यात वरच्या रेघेवर टेकलं.

“थापांना काही सुमार असतो, ताई. या माझ्या लेकीच्या रेघा आहेत. दर वाढदिवसाला मीच काढते. ही वरची तेवढी खोटी आहे. उंच दिसावं म्हणून तिनं टाचा उचलल्या होत्या. मी बघितलं, आणि रेघ ओढली तशीच.”

मालकीणबाईंनी किटली खाली ठेवली. पदरानं हात पुसले. मग चौकटीला पाठ लावून त्या ताठ उभ्या राहिल्या. वरची रेघ त्यांच्या खांद्याच्याही खालीच राहिली. तरी त्यांनी टाचा उचलल्या.

“मला वाटायचं, तुला कळलंच नव्हतं, आई.”