निवांत जागा

घरात विषय काढायचा धीर होईना, म्हणून विधवा सुनेने आत राहता-झोपता येईल अशी कॅम्पर गाडी भाड्याने घेतली आणि सासूला सहलीला नेलं. तळ्याकाठी खुर्च्या टाकू, ऊन खात बसू आणि मग हळूच सांगू, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण तळं गाठलं आणि वादळ सुटलं. दुपारभर गाडी गदागदा हलत होती. छताची खिडकी गळायला लागली, तेव्हा दोघींनी तिच्याखाली पातेलं लावलं आणि त्या गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसून राहिल्या. सून नुसती हवामानावर बोलत राहिली.

"पाऊस काही थांबायचा नाही," शेवटी सासू म्हणाली. "जे सांगायला इतक्या लांब आणलंस, ते एकदाचं सांगून टाक बाई."

सुनेने मान खाली घातली. "आई, मी पुन्हा लग्न करायचं म्हणतेय."

भरत आलेलं पातेलं सासूने दाराबाहेर रिकामं केलं आणि परत जागेवर ठेवलं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मला वाटलं, वृद्धाश्रमात सोडायला चाललीयस. मी शेजारणीचा कायमचा निरोपसुद्धा घेतला होता."