पुढचं दार

जहाजावरून परतलेल्या कॉन्रॅडने शहाण्णव साली भाईंदर स्टेशनजवळ हॉटेल काढलं. खासियत एकच, पेरू देशात खातात तशी लिंबात मुरवलेली कच्ची मासळी. ती पुरवायची जवळच्या पाली गावची कोळीण फिलोमिना. एकदा मासळीची पाटी घेऊन ती पुढच्या दाराने शिरली, तर भरल्या हॉटेलात कॉन्रॅड म्हणाला, “बाय, मागून ये. तुझ्या वासाने गिऱ्हाईक पळतं.”

त्या दिवसापासून तिने मासळी देणं बंद केलं. आठवड्याने ठेवणीतली साडी नेसून ती पुढच्याच दाराने आली आणि मधल्या टेबलावर बसली. शेजारच्या गिऱ्हाइकाने वेटरला विचारलं, “कच्ची खायची म्हणजे ताजी आहे ना?”

“पालीच्या फिलोमिनाने सकाळीच आणलीय,” कॉन्रॅड आतून ओरडला.



ती उठून उभी राहिली. “फिलोमिना मीच. आठ दिस झाले, याला माशाचं शेपूटबी दिलं न्हाय.”